दोन चालींचे घड्याळ

मनगटावरच्या घड्याळाकडे तुम्ही वेळ पाहण्यापुरतेच पाहत असाल. मी मात्र एका संकरित जातीची जुनी घड्याळे जमवीत आलो आहे. त्यांत वेळ राखतो तो सेकंदाला ३२,७६८ कंपने करणारा क्वार्ट्झचा स्फटिक. परंतु क्रोनोग्राफचे, म्हणजे कालखंड मोजण्याचे काम दातेरी चाके आणि तरफा करतात.

हा संकर का घडला? २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीस आणले. पुढील काळात स्वित्झर्लंडमधील हजारो कारागिरांचा रोजगार बुडाला. तेथील जू खोऱ्यातील जेजर-लकूल्त्र या कारखान्याने १९८०च्या दशकात ६३० क्रमांकाचे यंत्र घडविले. प्रतिस्पर्ध्याची विद्या आत्मसात केली, परंतु आपली सोडली नाही. म्हणून अशा घड्याळात दोन चाली दिसतात. सेकंदकाटा टक्‌टक्‌ उड्या घेतो. क्रोनोग्राफचा काटा मात्र संथ वाहत जातो आणि बटण दाबताच हृदयाच्या आकाराच्या लहानशा चकतीवर हातोडी पडून तो क्षणार्धात शून्यावर येतो.

माझ्याजवळच्या अशाच एका घड्याळाला ग्राहक मिळाला होता. घरात पैशांची निकड होती. सौदा ठरला आणि दोनच दिवसांनी क्रोनोग्राफचा काटा बारावर अडून बसला. आतले वंगण सुकले होते. एक भाग झिजला होता आणि तो मिळेनासा झाला होता. दुरुस्ती करणारे गृहस्थ हलकेच म्हणाले, ‘‘वेळ तर बरोबर दाखवते आहे. बटण दाबून पाहतो कोण?’’

खरे सांगतो, त्या रात्री हे वाक्य मला फार सोयीचे वाटले. घड्याळ चालू होते, म्हणजे मी खोटे बोलणार नव्हतो; फक्त गप्प राहणार होतो. सकाळी ग्राहकाला दूरध्वनी करून सारे सांगितले. त्यांनी आभार मानले आणि व्यवहार मोडला. त्या महिन्याची ओढाताण मला अजून आठवते.

ते घड्याळ आज माझ्या मेजावर आहे. एक काटा चालतो, दुसरा थांबलेला आहे. मित्रहो, आपल्या मौनालाही किंमत असते, हे मला त्या थांबलेल्या काट्याने शिकविले.