सणाचा गोडवा आणि एक तासाचा उपवास

आगमनकाळाचा चौथा रविवार उलटला की खडवलीतील आपल्या घरांतून तुपाचा व नारळाच्या रसाचा दरवळ येऊ लागतो. भातसा नदीकाठच्या ह्या गावी आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी केरळचे. त्यामुळे कुसवाराचे ताटही मोठे संपन्न असते. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, मिल्क क्रीम, अचप्पम! नाताळच्या भेटीस आलेल्या धर्मगुरूने कोणत्याही घरी 'नको' म्हणायचे नसते, हा अलिखित नियम आम्ही इतकी वर्षे आनंदाने पाळत आलो आहोत.

आम्हीही रिकाम्या हाताने जात नसू. नाताळच्या पूर्वसंध्येपासून तीन राजांच्या सणापर्यंत आमच्या झग्याच्या खिशात मुलांसाठी गोळ्या व चॉकलेटे असत. मुले दिसली की हात खिशात जाई. ह्यात काही चुकत असेल, असे कधी मनातही आले नाही.

काही वर्षांपूर्वी तीन राजांच्या सणाच्या दिवशी, गोठ्याच्या देखाव्यात देवदूत झालेली सात वर्षांची एक मुलगी गाल धरून बसलेली दिसली. आम्ही सवयीने खिशात हात घातला, तर तिने मान फिरवली. आई म्हणाली, "फादर, तीन रात्री झोप नाही तिला. लवंग ठेवली, मीठपाण्याच्या चुळा दिल्या, पण सूज उतरत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने मायलेकींसोबत आम्ही कल्याण गाठले.

दंतवैद्य बाईंनी दात तपासले आणि विचारले, "दिवसातून कितीदा गोड खाते?" किती खाते असे नव्हे, कितीदा! आई बोटांवर मोजू लागली. सकाळी नेवरी, मग शेजारचा केक, दुपारी दोदोल, खेळता खेळता कुलकुल, "आणि फादरांच्या गोळ्या." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते शब्द आम्हांला अधिक लागले.

बाईंनी समजावून सांगितले, ते आमच्या मनात पक्के बसले. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच झिजवू लागते. लाळ हळूहळू ते आम्ल निवळते आणि झिजलेल्या कवचाला क्षार परत देते. ह्या कामाला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा काही गोड तोंडात पडले, तर लाळेचे काम अर्धवट राहते. जेवणासोबत खाल्लेल्या चार नेवऱ्यांपेक्षा दिवसभर एकेक करून चघळलेल्या चार गोळ्या दातांना अधिक घातक. दोदोल दाताला चिकटून राहतो, म्हणून त्याचा मुक्काम लांबतो. गूळ घातला म्हणून तो निर्दोष ठरत नाही, गूळही साखरच.

मुलीची दुधाची दाढ काढावी लागली. "दुधाचीच तर आहे," असे आम्ही म्हणून गेलो. तेव्हा कळले की दुधाच्या दाढा मागून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून आईबाप तिलाही दुधाची समजतात. ह्या मुलीची ती दाढही किडू लागली होती. वेळेवर सिमेंट भरले म्हणून ती वाचली.

परतीच्या गाडीत एक विचार मनात घोळत राहिला. पवित्र कम्युनियनपूर्वी एक तासाचा उपवास आपण सारे पाळतो. १९६४ साली पोप सहावे पॉल ह्यांनी तो नियम घालून दिला. तो उपवास प्रभूच्या स्वागतासाठी आहे, दातांसाठी नव्हे, हे खरे. परंतु ख्रिस्तसभेने आपल्याला शिकवले आहे की उपवासाला वेळ आहे आणि मेजवानीलाही वेळ आहे. सणाचे जेवण पाप नव्हे. त्याला आरंभ असावा आणि शेवटही असावा.

म्हणून कुसवाराचे ताट जेवणाच्या वेळी पुढे यावे आणि नंतर झाकले जावे. मधल्या वेळी तहानेला पाणीच द्यावे. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर केक व वाइन झाली की आपण तसेच अंथरुणावर पडतो. झोपेत लाळ कमी होते, म्हणून ती रात्र दातांना सर्वांत कठीण. त्या रात्रीही थोडे थांबून फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत आणि मगच निजावे. लहान मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. त्यांचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत. गाल सुजला तर लवंगेवर विसंबू नये. लवंग वेदना बधिर करते, कीड बरी करत नाही. सुजेबरोबर ताप आला किंवा गिळणे अवघड झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

९ फेब्रुवारी हा संत अपोलोनियाचा स्मरणदिन. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात जमावाने दात पाडलेली ही वृद्ध हुतात्मा दंतरोग्यांची आश्रयदाती मानली जाते. सणानंतर त्या सुमारास घरातील सर्वांचे दात तपासून घेण्याची प्रथा आपण पाडली, तर तिला ते नक्कीच आवडेल.

आमच्या खिशात आता गोळ्या नसतात. मुलांचा खाऊ मिस्सेनंतरच्या जेवणाच्या पंगतीत वाटला जातो. ती मुलगी आता मिस्सेत पहिले वाचन करते. दर नाताळला ती आम्हांला गाठते आणि काही न बोलता तोंड उघडून आपली दाढ दाखवते. आम्ही वाकून पाहतो आणि मनोमन क्षमा मागतो.