महादेवपुऱ्यातलं सलून आणि बाबांचे कान

बंगळुरूच्या जांभळ्या मेट्रोने गरुडाचारपाळ्य स्थानकावर उतरलं की आधी दिसतो तो नवा महादेवपुरा: काचेच्या आयटी इमारती, मॉल, गाड्यांची रांग. पण गल्लीत शिरा. तिथे बैठी घरं, देऊळ, इडलीचं छोटं हॉटेल आणि तीन खुर्च्यांचं कटिंगचं दुकान आहे. २००७ मध्ये महादेवपुरा बंगळुरू महापालिकेत आला, २०२३ मध्ये मेट्रो आली, तरी गल्लीतलं गावपण अजून टिकून आहे.

बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. आमच्याकडे सलून सोमवारी बंद, म्हणून आम्ही मंगळवारी गेलो, तर शटर खाली. इथली सुट्टी मंगळवारची! बुधवारी पुन्हा गेलो. केस कापून झाल्यावर कारागिराने कानाकडे बोट दाखवलं. बाबांनी कानावर हात ठेवला आणि आठ दिवसांत शिकलेला एकमेव कन्नड शब्द वापरला, "बेडा!" म्हणजे नको.

घरी आल्यावर म्हणाले, "एकदा कापले की दाट येतात. आणि कानावर केस म्हणजे भाग्याची खूण."

खरं कारण वेगळं होतं. मागच्या वर्षी त्यांनी चिमट्याने केस उपटले, तिथे केसतोड झालं. त्यांना मधुमेह. कान सुजला, जखम भरायला बरेच दिवस गेले. त्यातच माझी सहा वर्षांची मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "आजोबांच्या कानात गवत आहे!" तेव्हापासून बाबा घरातही मफलर गुंडाळून बसत. विचारलं तर म्हणायचे, "बंगळुरूची थंडी."

त्या रात्री आम्ही दोघं गॅलरीत बसलो. मी सांगितलं, त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. कापल्याचं मुळाला कळतही नाही. टोक बोथट होतं, म्हणून नवा केस राठ लागतो, इतकंच. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी संशोधक बाईंनी १९२८ मध्येच हे तपासून पाहिलं होतं. वय वाढलं की पुरुषांच्या कानावरची बारीक लव जाड होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे केस वाय गुणसूत्रातून बापाकडून मुलाकडे येतात, असं पाठ्यपुस्तकांत असायचं. पण २००४ मध्ये दक्षिण भारतातल्याच पुरुषांचे डीएनए तपासले, तेव्हा तसा संबंध आढळला नाही. मदुराईचे निवृत्त मुख्याध्यापक अँथनी व्हिक्टर यांच्या कानावरचे केस तर १८.१ सेंटिमीटर लांब. गिनीज बुकात नोंद आहे.

बाबा हसले. "मग माझे काहीच नाहीत की!"

एवढं मात्र तुम्हीही लक्षात ठेवा. कानाच्या आतले केस धूळ अडवतात, त्यांना हात लावू नका. बाहेर दिसणारे केस ट्रिमरने किंवा गोल टोकाच्या कात्रीने छाटा. उपटू नका, कानात केस काढायचं क्रीम किंवा वॅक्स घालू नका. लेझर काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्यांवर जवळजवळ नाहीच. ट्रिमर प्रत्येकाचा वेगळा असावा. कान दुखला, सुजला, वाहू लागला तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नका.

पुढच्या बुधवारी बाबा स्वतःहून निघाले. घरचा नवा ट्रिमर खिशात होता. कारागिराने तो स्पिरिटने पुसला, दोन मिनिटांत काम झालं. बाबांनी मफलर घडी करून पिशवीत ठेवला.

दारातच नातीने विचारलं, "आजोबा, गवत कुठे गेलं?"

"कापणी झाली," बाबा म्हणाले. "परत उगवेल. तेव्हा परत जाऊ, फक्त मंगळवारी नाही."