करोलबागचा मोटारबाजार

दिल्ली पाहावयास येणारा प्रवासी लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट ही स्थळे पाहून परततो. करोलबागेत तो गेलाच, तर कापडचोपड नाहीतर गफार मार्केटातील विजेच्या वस्तू घेण्यासाठी. परंतु या वस्तीचे आणखी एक रूप आहे. येथील रस्त्यांच्या कडेला जुन्या मोटारी ओळीने उभ्या असतात. धुऊनपुसून लखलखीत केलेल्या आणि नव्या मालकाची वाट पाहणाऱ्या. वर्षानुवर्षे साठविलेली शिल्लक घेऊन दूरदूरची कुटुंबे येथे येतात. वाचकहो, आज आपणही हा बाजार हिंडू या.

करोलबाग ही जुन्या दिल्लीच्या मानाने अलीकडची वस्ती. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस आणण्याचे ठरले. नव्या शहराच्या बांधकामापायी ज्यांची घरेदारे गेली, त्यांपैकी कित्येक इकडे वसले. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून निर्वासित आले आणि त्यांच्या उद्यमशीलतेने ही पेठ भरभराटीस आली. मोटारींचा व्यापार हा त्याच पेठेचा एक भाग होय.

या बाजारात मोठी मागणी दिसते ती चार मीटरांहून आखूड, पण जमिनीपासून उंच अशा छोट्या एसयूव्हीला. चार मीटरांच्या आतील लहान इंजिनाच्या गाड्यांवर कर कमी असल्यामुळे हा वर्ग आपल्याकडे विशेष वाढला. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये, मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्ये आणि पुण्याजवळ रांजणगावास तयार होणारी टाटांची नेक्सन २०१७ मध्ये आली. आता त्यांतील पहिल्या खेपेच्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाऊ लागल्या आहेत.

येथे पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : ही गाडी स्वस्त आहे ती तिच्या दोषामुळे, की दिल्लीच्या नियमामुळे? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मज्जाव केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र केवळ वयावरून कठोर कारवाई करू नये, असे न्यायालयाने सांगितले. पुढे डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते राखले. नियम असा बदलता असल्यामुळे दहा वर्षांच्या उंबरठ्यावरील डिझेल गाडी ठेवावयास येथील मालक कचरतो. सुस्थितीतील गाडीही त्यामुळे कमी दरात मिळू शकते. परंतु हेच निमित्त पुढे करून सदोष गाडीही खपविली जाते. दोन्हींचे दर्शनी रूप एकच. म्हणून पारख करावयाची ती गाडीची, तिच्या वयाची नव्हे.

पारखीसाठी सकाळची वेळ उत्तम. विक्रेत्यास आदल्या दिवशीच सांगावे, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नये. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर गाडी आधीच तापवून ठेवली आहे, असे समजावे. थंड इंजिन चालू होताना आपले दोष लपवू शकत नाही. निळसर धूर निघाला तर ते तेल जाळीत आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे. तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर हा संशय बळावतो.

मग आकड्यांकडे वळावे. किलोमीटरांचा आकडा मागे फिरविता येतो; झिजलेले पायटे, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि बसकी झालेली चालकाची बैठक मात्र खरे सांगतात. टायरच्या बाजूस चार अंकी संख्या असते. तिचे पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. ‘२४१९’ म्हणजे २०१९ सालाचा चोविसावा आठवडा. काचांवरही निर्मितीच्या खुणा असतात. एकच काच इतरांहून नवी असेल, तर ती का बदलली हे विचारावे. दारांच्या फटी सारख्या आहेत काय, बोल्टांवरचा रंग उडाला आहे काय, हेही पाहावे. अपघाताची साक्ष अशा कोपऱ्यांतच सापडते.

दिल्लीपुरती आणखी एक तपासणी अगत्याची आहे. जुलै २०२३ मध्ये यमुनेचे पाणी २०८.६६ मीटरांपर्यंत चढले आणि १९७८ चा उच्चांक मागे पडला. काश्मीरी दरवाजा, सिव्हिल लाइन्स, रिंगरोड हे भाग जलमय झाले. पुरात बुडालेली गाडी बाहेरून धुता येते, आतून नव्हे. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या टोकाशी गाळाची रेघ राहिलेली असते. गालिच्याखाली हात घालावा, स्टेपनीच्या खळग्यात गंज शोधावा आणि काचा बंद करून वास घ्यावा. विजेच्या तारांच्या जोडांत एकदा ओल शिरली, की ती गाडी पुढे कित्येक महिने कुरकुरत राहते.

इंजिनाच्या आतील एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण किंमत मोठी मागते. झडपांची उघडझाप वेळेवर व्हावी म्हणून काही इंजिनांत साखळी असते, काहींत पट्टा. ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी आहे. इकोस्पोर्टच्या इंजिनांत पट्टा आहे. पट्टा ठराविक मुदतीने बदलावाच लागतो, कारण तो चालत्या गाडीत तुटला तर बहुधा झडपा आणि दट्टे एकमेकांवर आदळतात. तेव्हा पट्टा केव्हा बदलला याची पावती मागावी. ती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

यानंतर गाडी चालवून पाहावी. करोलबागेच्या पाठीशी अरवलीचा शेवटचा कणा आहे, ज्यास दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. त्याच्या झाडीतून वंदे मातरम् मार्ग धौलाकुव्याकडे जातो. या रस्त्यावर रेडिओ बंद ठेवून जावे. गाडी एका अंगास ओढते काय, ब्रेक दाबताच थरथरते काय, गतिरोधकावर खालून खडखड ऐकू येते काय, चढावर क्लच निसटून इंजिन नुसतेच घुमते काय, हे कान देऊन ऐकावे. दिल्लीच्या गर्दीत क्लच लवकर झिजतो. ही झीज म्हणजे लबाडी नव्हे. तिचा हिशेब मात्र ठेवावा.

पुढचा टप्पा काश्मीरी दरवाजाचा. १८३५ मध्ये बांधलेल्या आणि १८५७ च्या संग्रामात तोफांचे घाव सोसलेल्या या वेशीजवळ मोटारींच्या सुट्या भागांची मोठी पेठ आहे. जी गाडी मनात भरली असेल तिचा क्लच, दिवे, रेडिएटर यांचे भाव येथे विचारून घ्यावेत. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात विक्रीसाठी मोटारी बनविणे थांबविले. अशी गाडी घेऊ नये असे नव्हे. पण आपल्या जिल्ह्यात तिचे भाग मिळतात काय आणि तिला हात लावणारा जाणता मिस्त्री आहे काय, हे आधी पाहावे. गाडीचा भरवसा काही अंशी आपल्या गावच्या मिस्त्रीवरही असतो.

शेवटी कागद. नोंदणी-पुस्तकातील चॅसी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. कर्ज फिटले असल्यास नमुना ३५, मालकी बदलासाठी नमुने २९ व ३०, आणि परराज्यात नेण्यासाठी ना-हरकतीचा नमुना २८ लागतो. विम्याचे कागदही बोलके असतात : दावा न केल्याची सवलत शून्य दिसली, तर गेल्या वर्षी काय घडले ते विचारावे. गाडी परराज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची असल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो व तेथील करही भरावा लागतो. ध्यानात ठेवावे, की मेरठ, पानिपत, रोहतक, अलवर हे जिल्हे राजधानी परिसरातच मोडतात. तेथे नेऊन वयाच्या नियमातून सुटका होत नाही. म्हणून बयाणा देण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

हे सारे करावयास दोन दिवस लागतात. विक्रेता म्हणेल, ‘संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे.’ येऊ द्यावे. या बाजारात गाड्यांचा तुटवडा नाही. ज्या गाडीत उद्या आपली मुले आणि वृद्ध आईवडील बसून प्रवास करणार, तिच्यासाठी विश्वासू मिस्त्रीस शे-पाचशे रुपये देऊन ती उचलून खालून तपासून घेण्यात कसलाही संकोच बाळगू नये. अशा तपासणीस जो विक्रेता नकार देईल, त्याचा निरोप घेऊन पुढच्या गाडीकडे वळावे.