व्याकरण आधी, अक्षरे मागून

चंद्रपूरहून भामरागडला निघालेल्या प्रवाशाने खिडकीजवळची जागा धरावी हे सांगायला नकोच. पण कानही उघडे ठेवावेत. गोंड राजांचा परकोट, बल्लारपूर, गोंडपिपरी मागे टाकून आष्टीला वैनगंगा ओलांडली, की ओळखीची मराठी पातळ होऊ लागते. आलापल्लीच्या बाजारात तेलुगू कानी पडते, आणि पुढे सागवानाच्या रानातून हेमलकशाकडे जाताना शेजारच्या बाकावरून ऐकू येते ती माडिया. ती गोंडीच्याच गोतातली.

शहरी पाहुणा या भाषेला ‘बोली’ म्हणतो आणि मोकळा होतो. बोली म्हणजे अघळपघळ, नेमधर्म नसलेले काहीतरी, असा आपला समज! गोंडीतले आकडेच घ्या. दोन झाडे मोजायची तर ‘रंड’, तीन झाडे ‘मुंद’, चार ‘नालुंग’. पुरुष मोजायचे झाले, की तेच आकडे ‘इव्विर, मुव्विर, नालविर’ होतात. गावोगावी उच्चार थोडाफार बदलतो, नियम मात्र ठाम. आपल्या मराठीत तरी दुसरे काय आहे? झाडे दोन, माणसे दोघे. फरक इतकाच, की आपण ‘दोघी’ करून स्त्रियांची वेगळी सोय लावली. गोंडीत पुरुष एका बाजूला, आणि स्त्रिया, गुरे, झाडे, भांडी ही सारी दुसऱ्या बाजूला! (हे आमच्या घरी सांगितले तेव्हा चहा बराच उशिरा आला.) मात्र व्याकरणातल्या लिंगावरून घरातला मान ठरत नाही, नाहीतर मराठीतल्या ‘ते पोर’वर काय प्रसंग ओढवला असता!

शब्दांचे नाते आणखी दूरचे आहे. झाड ‘मरा’, हात ‘कय’, दूध ‘पाल’. मद्रासकडची माणसे मरम, कै, पाल म्हणतात. गोंडी ही द्राविड कुळातली. सभोवतीच्या मराठी-हिंदीच्या गर्दीतही तिने हे जुने सामान सांभाळले आहे.

कमी होती ती अक्षरांची. १९१८ साली बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी स्वतः लिपी घडविली. पलीकडे आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात एका वेगळ्याच गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखिते मिळाली. आज संगणकाच्या जागतिक वर्णसंचात या दोन्ही लिपींना जागा आहे. मसराम लिपीला २०१७ साली, गुंजाळा लिपीला २०१८ साली मिळाली.

अक्षरे एकट्याने घडविता येतात. पण सर्वांची मिळून एक भाषा? १८८७ साली वॉर्साच्या डॉक्टर झामेनहॉफ यांनी एस्परँटो रचली आणि तिचे व्याकरण सोळा नियमांत बसविले. ते सोपे, कारण भांडायला कोणी नव्हते. गोंडी मात्र महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा कितीतरी राज्यांत विखुरलेली. एका ठिकाणचा शब्द दुसऱ्याला परका. निरनिराळ्या राज्यांतल्या गोंडीभाषकांनी एकत्र बसून, वाद घालून, २०१८ साली सुमारे ३,००० शब्दांचा प्रमाण कोश सिद्ध केला. काम मोठेच, पण मनात शंका येते. कुठल्यातरी एका गावचा शब्द ‘प्रमाण’ ठरला, की बाकीच्या गावांचे शब्द ‘गावंढळ’ ठरायला कितीसा वेळ लागतो? पुणेरी मराठीने झाडीबोलीचे काय केले, ते याच जिल्ह्यांतल्या माणसांना विचारावे.

आणि तरीही कोश हवाच. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळजवळ तीस लाख आहेत, संस्कृत सांगणारे पंचवीस हजारांच्या आत. घटनेच्या आठव्या परिशिष्टात संस्कृत आहे, गोंडी नाही. शाळेची पुस्तके, परीक्षा, नोकऱ्या हे सारे त्या यादीच्या मागोमाग चालते.

गडचिरोली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने या यादीची वाट पाहिली नाही. २०१९ साली तिने गोंडी माध्यमाची शाळा काढली, आणि जुन्या युवागृहाची आठवण ठेवून तिच्या नावात ‘गोटुल’ घातले. शिक्षणखात्याने ती अनधिकृत ठरविली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले.

भामरागडचा तीन नद्यांचा संगम पाहून गडचिरोलीमार्गे परतणार असाल, तर धानोऱ्याकडे वाट वाकडी करायला हरकत नाही. एक दिवस जास्तीचा धरावा, आणि ‘जोहार’ म्हणायला विसरू नये.