सही आहे, पण सही नाही!

रात्रीचे अकरा अठ्ठावन्न. शिवाजी पार्कचा कट्टा. माझ्या एका हातात वितळलेली कुल्फी, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर उलटे पळणारे सेकंद. पलीकडे कुणीतरी टोपणनावाचा प्राणी बसलेला. मी शंभर वाढवले की तोही लगेच शंभर वाढवणार. तेरा हजार आठशे, मी. तेरा हजार नऊशे, तो. चौदा हजार दोनशे... मी! तीन, दोन, एक... खेळ खल्लास. ‘अभिनंदन, तुम्ही लिलाव जिंकलात!’ मी इतक्या जोरात ओरडले की शेजारी बसलेलं जोडपं दचकून लांब सरकलं.

जिंकले काय होते? एक फ्रेम केलेला फोटो. शतक ठोकून आकाशाकडे बघणारा सचिन तेंडुलकर, खाली काळ्या शाईत सही आणि फ्रेमच्या मागे सोनेरी स्टिकर लावलेलं ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’. चौदा हजार दोनशे म्हणजे माझे तीन लेख, त्यातल्या दोघांचे पैसे अजून यायचे होते. फ्रीलान्सर मंडळींना हे दुःख कळेल.

पण कारणच तसं होतं. जून २०२५ मध्ये बाबांची एकसष्टी होती.

आमचे बाबा म्हणजे शिवाजी पार्कचं टिपिकल प्रॉडक्ट. या मैदानाने अजित वाडेकर दिले, संदीप पाटील दिला, आचरेकर सरांच्या नेट्समधून सचिन आणि विनोद दिले, हे तुम्हाला कुणीही सांगेल. त्याच मैदानाने बाबांसारखे हजारो जणही दिले, ते कुणी सांगत नाही. कॉलेजपर्यंत ओपनिंग बॅट्समन, मग बँकेत नोकरी, मग टाइम्स शील्डच्या कुठल्यातरी खालच्या डिव्हिजनमध्ये दोन-चार सीझन आणि मग मी झाले. (यात माझी चूक काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.)

त्या सगळ्या काळाची एकच वस्तू बाबांकडे होती. ऑटोग्राफ बुक. पार्कात ज्याला ज्याला गाठलं त्याची सही. आम्ही तेव्हा हिंदमाताजवळ तळमजल्यावर राहायचो. ज्याला हिंदमाता माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. मी आठ वर्षांची होते. पाणी कॉटच्या वर आलं, कपाटाचा खालचा कप्पा दोन दिवस पाण्यात. नंतर बाबा पंख्याखाली बसून ती वही एकेक पान सोडवत वाळवत होते, एवढं मला लख्ख आठवतं. पानं वाळली. शाई मात्र निघून गेली होती. सगळ्या पानांवर फक्त फिकट निळे ढग. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी वही रद्दीत गेली.

तर एकसष्टीला एक तरी सही परत आणायची, असा माझा फंडा होता. आणि आणायचीच तर मोठ्यात मोठी!

लिलावाचं हे जग भन्नाट आहे हं. धोनीने २०११ च्या वर्ल्ड कप फायनलला वापरलेली बॅट त्याच वर्षी जुलैत लंडनच्या एका चॅरिटी डिनरला एक लाख पौंडांना गेली. शेन वॉर्नने जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी आपली बॅगी ग्रीन टोपी ऑनलाइन लिलावात काढली, तर तिला दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर भाव आला. आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा पुण्याचा. मे २०२०, लॉकडाउनमध्ये पाकिस्तानच्या अझर अलीने कोरोनाच्या मदतीसाठी आपली ट्रिपल सेंच्युरीची बॅट ऑनलाइन लिलावात ठेवली आणि ती घेतली पुण्याच्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट म्युझियमने. दहा लाख पाकिस्तानी रुपयांना! हे सगळं वाचून आपल्याला वाटतं, आपणही या दुनियेतलेच. फक्त आपल्या बजेटमधून तीन-चार शून्यं कमी.

माझ्या मामेभावाने शाळेत असताना बाझी डॉट कॉमवर ‘बोली’ लावून एक टोपी घेतली होती. ती साइट २००४ मध्ये ईबेने घेतली आणि ईबेनेही २०१८ मध्ये इथलं दुकान आवरलं. दादाची टोपी मात्र अजून आहे. त्यामुळे आमच्या घरात ऑनलाइन लिलाव ही चांगली गोष्ट मानली जायची.

आता माझी हुशारी ऐका. अशा लिलावात आपली कमाल किंमत आधीच भरून ठेवायची सोय असते. मग यंत्र तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवतं आणि तुम्ही गप झोपायचं. मी ते केलं नाही, कारण मला थ्रिल हवं होतं. थ्रिलचे साधारण चार हजार पडले असावेत. तो टोपणनाववाला खरा गिऱ्हाईक होता की विक्रेत्याचाच माणूस, हा प्रश्नही मला फार उशिरा पडला. भाव चढवण्यासाठी आपलाच माणूस बसवायचा, याला ‘शिल बिडिंग’ म्हणतात. आपल्याकडे गावच्या बैलबाजारातही हे कळतं. मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत नाही शिकवत.

फोटो आला. मी तो तीन आठवडे कपाटात साड्यांखाली लपवला. एकसष्टीच्या दिवशी बाबांनी कागद फाडला, बघितलं आणि म्हणाले, “अगं, केवढ्याला?” म्हणजे आवडला. आईने हॉलमध्ये खिळा ठोकून घेतला.

दहा-बारा दिवसांनी कट्ट्यावरचे काका घरी आले. बाबांचे जुने पार्टनर, विकेटकीपर. चहा घेता घेता त्यांनी फोटोकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग मला हळूच म्हणाले, “कुठल्या पेनाने केलीय गं ही सही?”

बाबा आत होते. मी फ्रेम उतरवली, काच काढली आणि बाबांचं पेपर वाचायचं भिंग लावलं. पेनाची शाई कागदावर बसते. तिला सुरुवात असते, शेवट असतो, हात जिथे थांबतो तिथे थोडी गडद होते. तिरपं धरलं की चमकते. इथे तसं काही नव्हतं. इथे ठिपके होते. बारीक बारीक ठिपके, आकाशाला होते तसेच सहीलाही. सही फोटोबरोबरच छापलेली होती.

रात्री मी त्या विक्रेत्याचा जुना विकलेला माल उघडला. तोच फोटो नऊ वेळा विकलेला. नऊच्या नऊ सह्यांचा शेवटचा फराटा सचिनच्या कोपराच्या त्याच सुरकुतीवर संपत होता. माणूस आयुष्यात दोनदा अगदी सारखी सही करू शकत नाही (माझे चेक यामुळेच परत येतात). आणि इथे नऊ!

तक्रार केली. उत्तर दोन ओळींचं. एक, परत करायची मुदत सात दिवस, ती संपली. साड्यांखाली! दोन, वर्णन नीट वाचा. वाचलं. त्याने कुठेही ‘साइन्ड फोटो’ म्हटलंच नव्हतं. ‘फोटो विथ सिग्नेचर’ म्हटलं होतं. सही केलेला नव्हे, सही असलेला. आणि ते सर्टिफिकेट? ते त्यानेच त्याला दिलेलं. सोनेरी स्टिकर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात.

मी काही एकटीच मूर्ख नाही, एवढंच समाधान. अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने खोट्या सह्यांची टोळीच पकडली, तेव्हा त्यांना मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही सापडले होते. मदर तेरेसा! ते ज्यांनी विकत घेतले असतील त्यांच्यापुढे मी म्हणजे सीआयडीच.

पुढचं सांगायला जरा लाज वाटते. पण सांगते.

मी तो फोटो पुन्हा विकायला काढला. भिंतीवरून उतरवला, ‘काच बदलायला दिलीय’ अशी थाप मारली आणि त्याचं वर्णन शब्द न् शब्द कॉपी केलं. ‘फोटो विथ सिग्नेचर’. खोटं कुठे होतं त्यात? दोन दिवसांत बोली सहा हजार आठशेवर. म्हणजे निम्मे तरी सुटणार! मग एका बोली लावणाऱ्याचा मेसेज आला. सोलापूरहून. “ओरिजिनल आहे ना ताई? पहिल्या पगारातून घेतोय.”

त्या ‘ताई’ला उत्तर द्यायला मला दोन तास लागले. खरं सांगू? पहिल्या तासात मी जे उत्तर टाइप केलं होतं, ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. ते पाठवलं असतं तर त्याने घेतला असता. मग मी ते खोडलं, ‘छापील आहे, घेऊ नकोस’ असं लिहिलं आणि लिलाव रद्द केला. त्याने ‘थँक्स’ म्हटलं आणि एक स्माइली टाकला. चौदा हजार दोनशेला एक स्माइली.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग बोलला का नाही तुम्ही?”

“फोटो चांगला आहे. लाव परत.”

आता दुसरी गोष्ट. मधल्या काळात याच साइटवर भटकताना मी एका रद्दीवाल्या टाइप विक्रेत्याचा एक लॉट साडेसहाशेला घेतला होता. ‘जुनी क्रिकेट पुस्तिका, अकरा नग, स्थिती बेताची’. बोली लावणारी मी एकटीच. त्यात लेखासाठी काही मिळेल म्हणून घेतला आणि विसरले. पार्सल आलं ते वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं. आत बेनिफिट मॅचच्या स्मरणिका, बँकांच्या आणि बिस्किटांच्या जाहिराती, कसर लागलेली पानं. दोघींना कव्हरच नाही. बाबा पाय पसरून एकेक चाळत बसले.

मग त्यांचं चाळणं थांबलं.

पानभर फोटो पद्माकर शिवलकरांचा. बॉल सोडतानाचा. आणि फोटोच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनाने केलेली सही. पान उलटून बघितलं तर मागे पेनाचा उठाव बोटाला लागत होता.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी : पॅडी शिवलकर, डावखुरे स्पिनर. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट्स. १९७२-७३ च्या रणजी फायनलला चेन्नईत तामिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात सोळा धावांत आठ आणि दुसऱ्या डावात अठरा धावांत पाच. मॅच तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपली. आणि भारताकडून कसोटी किती? शून्य. कारण तो काळ बिशनसिंग बेदींचा होता. शिवाजी पार्क जिमखान्यात पुढे वर्षानुवर्षं त्यांनी मुलांना शिकवलं. मार्च २०२५ मध्ये ते गेले.

“एकदा नेटमध्ये मला टाकली होती त्यांनी एक ओव्हर,” बाबा म्हणाले. हे मी अठ्ठावीस वर्षांत कधीच ऐकलं नव्हतं. “अठरा वर्षांचा होतो मी. त्यांची चाळिशी उलटलेली. सहापैकी चार बॅटला लागलेच नाहीत. पाचवा लागला तो ग्लोव्हला.”

“आणि सहावा?”

“सहावा मी सोडला. तो आत आला. बोल्ड.” हे सांगताना ते इतके खूश होते की जणू सिक्स मारली होती. “मग सही घेतली. ती वहीत होती.”

ही सही तरी खरी कशावरून? या वेळी मी शहाणी झाले होते. काकांच्या घरी कोचिंग कॅम्पचं एक जुनं प्रशस्तिपत्रक निघालं, त्यावर शिवलकरांची सही. रविवारी सकाळी कट्ट्यावर दोन्ही शेजारी शेजारी धरली. वळण तेच, कल तोच, पण शेपूट वेगळं. एकीत लांब, एकीत आखूड. मी म्हटलं, “काका, सारख्या नाहीत.”

“म्हणूनच,” काका म्हणाले. “आणि पॅडीची सही खोटी कोण कशाला करेल? खोटं करायलाही आधी भाव लागतो.”

मी किंमत शोधायचा प्रयत्न केला, सवय जाते का! तासभर शोधून हाताला काहीच लागलं नाही. कुणी विकत नव्हतं, कुणी मागत नव्हतं.

कट्ट्यावर मात्र मागणी होती. स्मरणिका हातोहात फिरली. एकाने म्हटलं, “पाचशे.” दुसरे म्हणाले, “हजार, आणि चहा माझा.” काकांनी घसा साफ केला, “दीड हजार एकवार... दीड हजार दोनवार...” सगळे हसत होते. मैदानात कुठल्यातरी अंडर-फोर्टीनच्या पोराचा पुल शॉट कट्ट्यापर्यंत आला, तो बाबांनी पायाने अडवला, बॉल परत फेकला आणि त्याच झटक्यात काकांच्या हातातून स्मरणिका काढून घेतली.

आता ती एका प्लास्टिकच्या पिशवीत आहे, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती माळ्यावर, सगळ्यात वरच्या फळीवर. आम्ही सध्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. तरीही.