सोडल्याची लाज

अप्पा पितात हे सगळ्या रहिमतपूरला ठाऊक होतं. अप्पांनी सोडली, हे मात्र आम्ही पुढे बराच काळ लपवून ठेवलं. पिऊन पडलेल्या अप्पांना स्टेशनच्या रस्त्यावरून घरी आणताना मान खाली जायची, पण त्याची सवय झाली होती. सोडण्यासाठी कुठंतरी जावं लागतं, चार अनोळखी माणसांत बसून बोलावं लागतं, हे कळलं तर लोक काय म्हणतील, याची धास्ती आईला जास्त होती.

त्याआधी घरगुती उपाय सगळे झाले होते. आजीनं शपथा घातल्या. मग आळंदीला नेऊन माळ घातली. माळेला मी नावं ठेवणार नाही. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघानं वारकरी वाटेनंच आमच्या भागातल्या तरुणांना दारूपासून लांब ठेवायचं काम केलंय. पण अप्पांनी एका दमात बंद केली आणि तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, हातात पेला धरवेना. देवऋषी आणा, असं शेजारून सुचवलं गेलं. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो, तिथं डॉक्टरच लागतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. अप्पांनी पुन्हा घेतली आणि माळ देव्हाऱ्यात गेली.

मग भिंतीवरची जाहिरात: न कळत दारू सोडवा. पुडी भाजीत कालवायची. आईनं आणली, घातली नाही, हे नशीबच. दारूची शिसारी आणणारं औषध पोटात असताना वर दारू गेली तर माणूस दगावू शकतो; म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात.

रहिमतपूर हे वसंत कानेटकरांचं जन्मगाव, त्यामुळे नाटकाचं वेड आमच्याकडे फुकट मिळतं. ‘एकच प्याला’ मी कॉलेजात असताना वाचलं. बाकीचे सिंधूसाठी हळहळत होते, मी तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात अडकलो. पिणाऱ्यांना बसायला मंडळ होतं. नाटकाचा नायक सुधाकर, त्यानं सोडायची ठरवली तेव्हा त्याला बसायला जागा कुठं होती? एकटाच भल्या माणसांच्या दारात गेला, अपमान घेऊन परतला आणि पुन्हा पेल्याकडे वळला. नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली. न पिण्यासाठी दारुड्यानं दारुड्याजवळच बसावं, हे अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका शेअर दलालाला आणि एका सर्जनला उमगलं १९३५मध्ये. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस तिथून निघालं. फी नाही, आडनाव नाही; पिणं थांबवायची इच्छा एवढीच पात्रता. आपल्याकडे १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पुलं आणि सुनीताबाईंनी त्यासाठी लाखाची देणगी दिली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन हे असंच केंद्र सुरू केलं. म्हणजे वाट पायाशी होती.

त्या वाटेनं आमच्या घरातून पहिल्यांदा गेली ती आई, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या मीटिंगला. गुडघे दाखवायला साताऱ्याला जाते, असं सांगून. दारूसाठी आयुष्यभर खोटं बोललेली बाई आता दारू सुटावी म्हणून खोटं बोलत होती! तिथं तिच्यासारख्याच बायका होत्या. कोणी उपदेश केला नाही. एकेकीनं आपापलं सांगितलं. परत आली आणि तिनं दोन गोष्टी बंद केल्या. अप्पांच्या ऑफिसला ‘ताप आहे’ म्हणून चिठ्ठी पाठवणं, आणि बाटली शोधून मोरीत ओतणं. अप्पा चिडले, ओरडले, मग गप्प झाले. पुढे ही जाते कुठं हे बघायला म्हणून तेही गेले.

पिणाऱ्यांची मीटिंग म्हणजे शाळेचा वर्ग, लहान मुलांची बाकं, अतिगोड चहा. एकेकजण उठून नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो, आणि पुढे बोलतो. अप्पा कितीतरी मीटिंगा भिंतीकडे बघत बसले. एकदा दारातून आमच्याच गावचे एक गुरुजी आत आले. दोघांचे चेहरे पडले. दुसऱ्या दिवशी बाजारात दोघंही भाव विचारत एकमेकांना टाळत होते, मग दोघांनाही हसू फुटलं. तेव्हापासून साताऱ्याला ते एकाच एसटीनं जात. गुरुजींशी बोलायला अप्पांना मीटिंगचीही गरज उरली नाही, पण ते जात राहिले.

मध्ये एका लग्नात अप्पांनी पुन्हा घेतली. घरात सुतक पडल्यासारखं झालं. मीटिंगमध्ये मात्र ते सांगून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण ते परत आले होते. मला तेव्हा त्या टाळ्यांचा राग आला होता. आता वाटतं, तिथली सगळी अक्कल त्या टाळ्यांत होती. आम्ही शपथ मोडली की माणूस संपला असं धरून चाललो होतो. पहिलं वर्ष पुरं झालं तेव्हा तिथं त्यांचा वाढदिवस झाला. पेढे घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, “आता आळीत वाट.” कसले पेढे, असं विचारणाऱ्या प्रत्येकीला आईनं खरं सांगितलं.

तुमच्या घरात कोणी पीत असेल, तर तो तयार होईल याची वाट बघत बसू नका. घरच्यांसाठीही मीटिंगा असतात. आधी तुम्ही जा, आणि कुठं चाललात ते शेजारी सांगून जा.