ब्लॅकमेलमधला 'मेल'

विजय आनंद यांच्या १९७३ सालच्या 'ब्लॅकमेल' या हिंदी चित्रपटात राखी धर्मेंद्रची प्रेमपत्रं वाचते आणि मागे किशोरकुमार गात असतो. कथानक किती जणांना आठवत असेल कोण जाणे, ते गाणं मात्र सगळ्यांना पाठ. 'मेल' म्हणजे टपाल, हा समज अशा पत्रांमुळे आणखीच पक्का होतो. निनावी चिठ्ठी, काळं कृत्य, झाला ब्लॅकमेल!

पण या 'मेल'चा टपालाशी काडीचाही संबंध नाही. टपालाचा मेल जुन्या फ्रेंचमधल्या थैलीवरून आला. हा मेल स्कॉटलंडचा. त्याचा अर्थ खंड किंवा सारा.

सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर आर्मस्ट्राँग, ग्रॅहम, एलियट अशी घराणी दरोडे घालून, गुरं पळवून जगत. त्यांचा हंगाम सुगीनंतरचा, कारण तेव्हा रात्री लांबलेल्या आणि गुरं चरून तयार झालेली असत. शेतकऱ्याने जमीनदाराचा खंड भरायचाच, वर या मंडळींचेही हात ओले करायचे, तरच गोठा शाबूत. हा वरचा खंड 'काळा'. चांदीच्या नाण्यांत भरायचा तो पांढरा आणि धान्यात, गुराढोरांत द्यायचा तो काळा, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती सुबक आहे, पण फारशी पटत नाही. एलिझाबेथ राणीच्या १६०१च्या कायद्याने ब्लॅकमेलमध्ये धान्य आणि गुरांबरोबर रोकडही धरली आहे. काम काळं म्हणून नाव काळं, हेच खरं असावं.

तो कायदा इंग्लंडच्या चार सरहद्दी परगण्यांपुरता होता. त्यात घेणाऱ्याला देहदंड होता, आणि देणाऱ्यालाही! नाही म्हणावं तर गोठा रिकामा, द्यावं तर गळ्याला फास.

पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात याच वसुलीला राखणदारीचं रूप आलं. रॉब रॉय मॅकग्रेगर हा त्यातला गाजलेला गडी. चोरीला गेलेली गुरं परत आणू, नाहीतर भरपाई देऊ, असे लेखी करारही तिकडे होत.

गुपित फोडण्याची धमकी या शब्दाला चिकटली ती एकोणिसाव्या शतकात. म्हणून इंग्रज लेखक मराठ्यांच्या चौथाईला 'ब्लॅकमेल' म्हणतात तेव्हा जुना अर्थ ध्यानात घ्यावा. तिथे कुणाचं लफडं उघडं करायचं नव्हतं, महसुलाचा चौथा हिस्सा हवा होता. शेरा हेटाळणीचाच, यात शंका नाही. इंग्लंडच्या १९६८च्या चोरीविषयक कायद्यातही गुपिताची अट नाही. धमकी देऊन केलेली गैरवाजवी मागणी पुरे, शिक्षा चौदा वर्षांपर्यंत.

मराठीने वाटणी केली. बिल्डरला फोन आला की बातमीत 'खंडणी', फोटो व्हायरल करण्याची धमकी आली की 'ब्लॅकमेल'. आणि 'दिवाळीला आला नाहीस तर मी फराळच करणार नाही' असं आईने सुनावलं, की पुण्यातला मुलगा 'इमोशनल ब्लॅकमेल' म्हणत एसटीचं तिकीट काढतो.